मुखदर्शनाविना फोन

अखिलगृहसाम्राज्ञी, पाकशास्त्रपारंगता, मद्दोषगणनानिपुणा सौभाग्यवतीस शिवणयंत्राधिपतीचा साष्टांग दंडवत.

मुकादमाने दोन फोन पुढे ठेवले. एकात मुखदर्शन घडते, दुसऱ्यात केवळ वाणी. मी बटनांचाच घेतला, रागावू नकोस. आमच्या शयनकक्षात आठ जणांची अंतर्वस्त्रे अहोरात्र पताकांसारखी लोंबतात. ते दृश्य कुलीन स्त्रीने पाहू नये.

"अहो, मग बाहेर येऊन बोला की!" म्हणशील. परंतु काम संपताच मुकादम दाराला बाहेरून कुलूप घालतो. आमच्याच सुरक्षिततेसाठी, असे तो सांगतो. प्रकृती उत्तम आहे. खिडकीच नसल्याने वारा बाधत नाही.

धाकटीचा खोकला थांबला का?

त्वदाज्ञाधारक,
तुझा पती

ता. क. फोनातील पाचाचे बटन चालत नाही आणि तुझ्या क्रमांकात पाच आहे. मुकादम म्हणतो, "जोरात दाब."