बोटीबोटीने आलेली बातमी

सौ. भाविनी हिला भर समुद्रातून जतीनचे खूप खूप प्रेम.

आपल्या टॉवरची रेंज इतक्या खोल पाण्यात येत नाही. नारूकाकांची बोट आज नरपडला परततेय, तिच्याबरोबर ही चिठ्ठी देतोय.

आपल्याला मुलगी झाली! तुझ्या भावाचा फोन किनाऱ्याजवळच्या एका बोटीवर लागला. तिथून वायरलेसवर बोटीबोटीने बातमी माझ्यापर्यंत आली, म्हणजे माझ्याआधी सगळ्यांनीच ऐकली. मी तर वायरलेसचं बटण दाबून नुसता हसतच सुटलो. सुकाणूवरून आमचे तांडेल ओरडले, "अरे, बटण सोड! तू दाबून धरलंस तर दुसरा बोलणार कसा?" सोडलं, तर प्रत्येक बोट पेढे मागायला लागली.

तू बरी आहेस ना? पोरीचं वजनसुद्धा कळलं, पण तुझं कुणी काहीच सांगितलं नाही. नीट जेवतेस ना? आई मेथीचे लाडू करतेय का?

परतताना रेंज आली की पहिला फोन तुला. मोबाइलला बटण दाबून धरावं लागत नाही, दोघांना एकदम बोलता येतं. पण मी गप्पच बसेन. तू बोल, आणि मागे तिला रडू दे.

तुझाच,
जतीन