डाव्या बाजूला अर्धा इंच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंदा बायकांचे कपडे शिवणे, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला दबावाखाली आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे गल्लीत कुणालाही विचारावं. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. रक्तदाब सोडला तर तुम्ही अजून बरीच वर्षं लोकांना पिडाल, असं त्या म्हणाल्या. ते दाखल्यात लिहिलेलं नाही.

कलम १. वरच्या दोन खोल्या, गच्ची आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीचं. ही माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. बहीण गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिचे वडील वर्षाच्या आत दुसरं लग्न करून मोकळे झाले आणि पोरगी माझ्या ओटीत आली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांना या मृत्युपत्रात एक चमचाही नाही.

कलम २. खालचं दुकान आणि मापाची खोली आमच्या संस्थेला. माहीत नसणाऱ्यांसाठी लिहिते: तरुण मुलामुलींना स्तनाच्या कॅन्सरची माहिती देणारी ही संस्था मी याच दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर, दोन गिऱ्हाईक बायकांना हाताशी धरून सुरू केली. तेव्हा लोक म्हणाले, हिला दुसरा उद्योग नाही. उद्योग होता, ऐन सीझनमध्ये दिवसाला सहा ब्लाउज निघायचे. तरीही एकतीस वर्षांत या शहरातली एकही शाळा, एकही कॉलेज आम्ही सोडलं नाही. संस्था माझ्यामागे कुणी चालवायची, ते शेवटच्या कलमात लिहीन. माझ्या मनात एकच नाव आहे, पण ते लिहिण्याआधी एक गोष्ट उरकायची आहे आणि तिला मी घाबरते.

कलम ३. पायाचं मशीन आणि ओव्हरलॉक माझ्या कारागीर बाईंना. मोठी कात्री पण त्यांनाच. त्या कात्रीने कागद कापू नये.

कलम ४. बत्तीस उशा. शब्दांवर जाऊ नये, आम्ही त्यांना उशा म्हणतो. तळहातावर मावेल असा कापडाचा स्तन, आत स्पंज आणि कापूस, आणि कुठेतरी खोल एक मणी. कुठे मटाराएवढा, कुठे तांदळाएवढा, आणि चार उशांमध्ये काहीच नाही. मुलांच्या हातात द्यायच्या आणि म्हणायचं, शोधा. आधी खिदळतात, मग तोंडं गंभीर होतात, मग भांडतात की इथे आहे, इथे नाही. त्यानंतर सांगायचं: सापडलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, तुमच्या वयात तर बहुतेक नसतेच, पण ठरवणार डॉक्टर, तुम्ही नाही. या उशा संस्थेच्या. फाटल्या तर नव्या शिवाव्यात, नमुन्याचे कागद डाव्या खणात आहेत.

संस्थेच्या सचिवांनी मागच्या सभेत उशांऐवजी व्हिडिओ दाखवावा असं सुचवलं होतं. सचिव माणूस चांगला आहे. पण व्हिडिओला हात लावून गाठ कळत नाही, हे मी त्यांना सभेत सांगितलं होतं आणि आता लेखी सांगते.

कलम ५. एका शाळेच्या मुख्याध्यापकांना, जे आता निवृत्त आहेत, मी माझी मोजायची टेप ठेवते. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी मला परवानगी दिली ती दोन अटींवर: तो शब्द उच्चारायचा नाही आणि मुलग्यांना मैदानावर पाठवायचं. मी शब्द उच्चारला. मग मैदानावर जाऊन मुलग्यांनाही शिकवलं, कारण त्यांना आया आहेत, बहिणी आहेत, आणि हा आजार पुरुषांनाही होतो. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्ही मर्यादा सोडली. टेप साठ इंचांची आहे. त्यांनी मर्यादा मोजून पाहावी.

कलम ६. आता ती गोष्ट. आमच्या प्रत्येक वर्गात शेवटी एका शिंपिणीची गोष्ट सांगतात. शिंपिणीकडे एक तरुण बाई ब्लाउज शिवायला येते. पहिल्यांदा डावी बाजू घट्ट होते, शिंपीण उसवून पाव इंच सोडते. दोन महिन्यांनी परत घट्ट, परत पाव इंच. तिसऱ्यांदा मापं घेताना बोटाला काहीतरी कडक लागतं, कातडी जरा आत ओढल्यासारखी दिसते. बाई म्हणते, दुधाची गाठ असेल, अंगावर पाजतेय ना. शिंपीण म्हणते, असेल. दोन्ही बाजू कुणाच्याच सारख्या नसतात, हे तिला धंद्यामुळे माहीत असतं. ती डाव्या बाजूचा टक्स, म्हणजे छातीवरची शिवलेली चुणी, बदलते. ब्लाउज इतका सुरेख बसतो की आरशात कुणाला काही दिसत नाही. पुढच्या वर्षी ती बाई जाते.

ही गोष्ट पूर्वी मी सांगायचे. गेली बारा वर्षं माझी भाची सांगते, माझ्यापेक्षा चांगली सांगते. शिंपीण मी आहे. ती बाई तिची आई आहे. हे तिला माहीत नाही.

मी ठरवलं होतं की हे इथे लिहावं आणि माझ्यामागे तिने वाचावं. एवढं लिहून पेन खाली ठेवलं, कारण माझीच मला लाज वाटली. सोळा वर्षांच्या पोरींना मी सांगते, काही जाणवलं तर त्याच दिवशी बोला, भीती वाटली तरी बोला. आणि मी चौतीस वर्षं गप्प, वर स्वतः मेल्यावर चिठ्ठी टाकून पळायची सोय बघतेय. हे मृत्युपत्र इथे थांबवते आणि वर जाते.

यापुढचं आठ दिवसांनी लिहीत आहे. मी अजून शुद्धीवर आहे.

मी सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बारा वर्षं तू मला ही गोष्ट सांगायला लावलीस." एवढंच. खरंच लावली होती. चार दिवस घरात चहा ठेवलाय आणि दार लाव, यापलीकडे शब्द नव्हता. मला वाटलं, गेली ही हातातून. खोल्या घेईल, काम घेणार नाही, आणि तिचं काही चुकणारही नाही.

पाचव्या दिवशी एका कॉलेजात वर्ग होता. तिने उशांची पिशवी उचलली, मला ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. मी गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. उशा फिरल्या, खिदळणं झालं, गंभीर होणं झालं. शेवटी ती गोष्टीवर आली. या वेळी सुरुवात वेगळी होती: "माझ्या आईचे ब्लाउज माझी मावशी शिवायची." तिने काहीही गाळलं नाही. टक्ससुद्धा सांगितला.

मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, मॅडम, तुम्ही मावशीवर चिडला नाहीत?

ती म्हणाली, "चिडले. अजून चिडलेली आहे. पण तिच्या हाताला गाठ लागली तेव्हा तिला शिकवणारं कुणी नव्हतं. ती गाठ कसली होती ते कळल्यावर तिने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. तुम्हाला शिकवणारी आलेय मी. तिने पाठवलंय."

मी एरवी रडणारी नाही. तिथे रडले, आणि शेजारच्या मुलीने मला रुमाल दिला, तो परत करायचा राहिला. मी वाढवलेली मुलगी चाळीस पोरांसमोर माझी चूक माझ्या तोंडावर बोलली आणि एका शब्दाने खोटं बोलली नाही. एवढा अभिमान मला बत्तीस उशांचा नाही, एकतीस वर्षांचाही नाही.

कलम ७. संस्था माझ्यामागे माझी भाची चालवेल. मी तिला काल विचारलं. ती म्हणाली, तुझ्यामागे कशाला, सोमवारपासून चालवते. तेव्हा सोमवारपासून तिचं ऐकावं. सचिवांनीही. मीही.

सही: दुकानाच्या पावतीवर करते तीच.

साक्षीदारांचं म्हणणं: बाईंनी आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली. यातून आम्हाला काही मिळायचं नाही, हे त्यांनी आम्हाला दोनदा बजावलं आहे.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: शेजारचे किल्लीवाले
स्थळ: मापाची खोली, दुकान
दिनांक: ९ ऑक्टोबर, शुक्रवार, दुकान उघडण्यापूर्वी