जाळीचा टूटू आणि कोपऱ्यातली समई

बाबा, तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी गॅलरीत स्टीलच्या ताटात मी नेटच्या कापडाचा एक तुकडा जाळून पाहिला. नवरा आतून विचारत होता, कसला वास येतोय म्हणून. मी काही नाही म्हटलं. तुकडा आधी आक्रसला, मग त्याला पिवळी ज्योत लागली आणि वितळलेले काळे थेंब ताटात पडले. ताट घासूनही ते निघाले नाहीत. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की मनातल्या मनात तुमच्याशी बोलायची सवयसुद्धा मोडली होती. पण त्या ताटाकडे बघताना तुम्ही मागे उभे आहात असं वाटलं, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

तुमची नात बॅले शिकते. तुम्ही असताना ती जन्मलेली नव्हती, आणि हा शब्द तुम्ही ऐकला असेल की नाही तेही मला माहीत नाही. पायाच्या बोटांच्या टोकावर तोल सांभाळत करायचा, युरोपातून आलेला नाच. मोशीला आमच्या सोसायटीपलीकडे हार्डवेअरच्या दुकानावर तिचा क्लास आहे. खाली पाइप आणि पुट्टीच्या बादल्या, वर भिंतभर आरसे. चाकणच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्यांच्या मुली तिथे येतात. मी स्वतः महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. शनिवारी अर्धा दिवस भरून तिला तिथून घ्यायला जाते, तेव्हा जिन्यातच पियानोची टेप ऐकू येते. तिची टीचर तिशीही न ओलांडलेली, अंगानं काडीसारखी, पण आवाजाला धार. यंदाच्या कार्यक्रमाला तिनं टूटूची गोष्ट घ्यायची ठरवलं. टूटू म्हणजे या नाचात घालतात तो घागरा. तो पहिल्यापासून आजच्यापर्यंत कसा बदलत गेला, हे मुलींनी एकेका काळाचा घागरा घालून नाचून दाखवायचं.

मधूनमधून माइकवर बोलायचं काम तुमच्या नातीकडे आलं, म्हणून मीही तिच्याबरोबर वाचायला बसले. सुरुवातीला हा नाच राजेरजवाड्यांच्या दरबारातला. बायका जमिनीवर लोळणारे, जड भरजरी घागरे घालून नाचायच्या, पाय कुणाला दिसायचेच नाहीत. मग एका नर्तकीनं घागरा घोट्याच्या वर घेतला. तिला आपली पावलं लोकांना दाखवायची होती. लोक चिडले म्हणे, पण पावलं दिसायला लागली आणि नाच बदलला. पुढे आला तो पांढरा, पोटरीपर्यंतचा, घंटेसारखा घागरा. झिरझिरीत कापडाचे थरावर थर, घालणारी धुक्यातून आल्यासारखी वाटावी असा. त्यानंतर पायांचं काम आणखी अवघड झालं तसा तो गुडघ्याच्या वर गेला, आणि शेवटी कंबरेतून ताटासारखा आडवा उभा राहिला, कडक जाळीचे थर शिवून, काही वेळा आत तारेचं कडं घालून. टूटू हा शब्द कुठून आला ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. फ्रेंच मुलं ढुंगणाला लाडानं काहीसं असंच म्हणतात, त्यावरून आला असावा असं वाचलं, तेव्हा लेक लोटपोट हसली. "मम्मी, हे माइकवर कसं बोलू मी?"

ती हसत होती आणि मी पुढचा मजकूर वाचत होते. तो पांढरा घागरा ज्या काळातला, तेव्हा रंगमंचावर गॅसचे दिवे असायचे. उघड्या ज्योती. पॅरिसमधली एक तरुण नर्तकी तालमीच्या वेळी दिव्याजवळून गेली आणि तिचा घागरा पेटला. कापड पेटू नये म्हणून ते तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवायची सोय तेव्हा होती, पण त्यानं घागरा ताठ आणि मळकट दिसतो म्हणून तिनं ते नाकारलं होतं. काही महिने अंथरुणावर काढून ती गेली. अशी ती एकटीच नव्हती. हे मी लेकीला वाचून दाखवलं नाही. माझ्या लेकीला तोच पांढरा घागरा मिळाला होता, आणि त्या प्रवेशात जुना काळ वाटावा म्हणून टीचर रंगमंचाच्या पुढच्या कडेला खरे तेलाचे दिवे लावणार होती.

पिंपरी कॅम्पातून नेट मीच आणलं होतं. लग्नातल्या घागऱ्याखाली कॅनकॅन लावतात तेच, पण मऊ. थर मीच शिवले. मग ते दाराच्या हुकाला लटकलेलं दिसलं की तुमची पाठ दिसायची. खाकी पँट, कमरेला पट्टा, हातात चिमटा. तुम्ही तुमच्या कंपनीच्या फायर सेक्शनला होतात, आणि फॅमिली डेला बाकीच्यांचे वडील मशीन दाखवायचे तेव्हा तुम्ही वाळूच्या ट्रेपुढे उभे राहून कापडं जाळून दाखवायचात. सुती कापड जळतं, राख होते. लोकर नुसती धुमसते. मग चिमट्यात नायलॉनची पट्टी धरायचात. थेंब वाळूत पडले की म्हणायचात, "हे कातडीवर पडलं तर पुसता येत न्हाई. पुसाया गेलं की कातडी येते." बायका तोंडाला पदर लावायच्या. मला वाटायचं, दुसरं काही काम नव्हतं का तुम्हाला.

आणि ती जयंती. मी दुसरीत असेन. आत्यानं पांढरा, तीन झालरींचा नेटचा फ्रॉक आणला होता. दिघीच्या विहारात बायकांची रांग आहे, मी आईच्या पुढे, मूर्तीसमोर मेणबत्त्या ओळीनं लागल्यात. माझी मेणबत्ती दुसरीच्या ज्योतीवर धरायला मी वाकते आणि मागून कुणीतरी मला कमरेतून उचलतं. तुम्ही. मला बाहेर पायरीवर उभं केलंत. "काढ हे. आधी काढ."

आई धावत आली. "अहो, जयंतीच्या दिवशी पोरीला असं चारचौघांत?"

"चारचौघांतच जळतं माणूस," तुम्ही म्हणालात. तुमचा इस्त्रीचा पांढरा शर्ट मला घातलात आणि तुम्ही बनियनवर, सगळ्या वस्तीसमोरून, मला कडेवर घेऊन घरी आलात. मी वाटभर रडत होते. पुढच्या आठवड्यात तुम्ही पांढरं सुती पॉपलीन आणून मला फ्रॉक शिवून घेतलात, दोन मोठे खिसे असलेला. तो शाळेच्या गणवेशासारखा दिसायचा. आईनं खूप नंतर, मी कॉलेजात असताना सांगितलं की त्या जयंतीच्या थोडेच दिवस आधी शेजारच्या चाळीत एका बाईची साडी स्टोव्हवर पेटली होती आणि ब्लँकेट घेऊन तुम्ही पहिले पोचला होतात. घरी येऊन तुम्ही दोन्ही हात कितीतरी वेळ नळाखाली धरले होते, एवढंच ती म्हणाली.

मी टीचरला भेटायला गेले. सोबत त्या नेटचा अर्धवट जळलेला तुकडा पिशवीत होता, पण तो काढायचा धीर झाला नाही. "दिवे नकोत," मी म्हटलं. "बॅटरीचे मिळतात तसले लावू."

"ताई, ते फेक दिसतात हो. आणि मुली मागे आहेत ना, कडेपर्यंत येणारच नाहीत."

"घसरली एखादी तर?"

"मी रोज बघते त्यांना. घसरत नाहीत." ती शांतपणे बोलत होती, म्हणून मला जास्त भीती वाटली. मग मी क्लासमधल्या मुलींच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी लिहिलं की इतका विचार केला तर मुलं काहीच करू शकणार नाहीत. नवरा म्हणाला, "अगं, तू कंपनी घरी आणतेस." आणि लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा म्हणाली, "सगळ्या मला विचारतात, तुझी मम्मी अशी का आहे. मी काय सांगू?" तुमचं नाव सांगावं असं क्षणभर वाटलं, पण तिला तुम्ही म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

मी माघार घेतली नाही. दिवे असतील तर माझी मुलगी त्या प्रवेशात नाही, असं टीचरला कळवलं. लेकीनं वर्षभर त्यासाठी अंगठे सोलून घेतले होते. एक पूर्ण दिवस उत्तर आलं नाही. त्या दिवशी कामावर मी दोन पार्ट चुकीचे पास केले आणि परत बोलावून घेतले. दुसऱ्या दिवशी टीचरचा मेसेज आला, बॅटरीचे दिवे मागवलेत. बाकी काही नाही. मी कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटून बसले. वाटलं, संपलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसले. पाहुण्यांनी दीपप्रज्वलन केलं, टाळ्या झाल्या, भाषणं झाली. पहिला प्रवेश सुरू झाला, जड घागऱ्यांचा. तेव्हा मला दिसलं की समई तशीच आहे. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात, पाचही वाती लागलेल्या, आणि मुली आत यायच्या त्या वाटेवरच. इतके दिवस मी पुढच्या कडेचाच विचार करत होते. समई कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, माझ्याही.

मी उठले. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाजूच्या जिन्यानं आत गेले. पडदा ओढणाऱ्या माणसाला म्हटलं, "भाऊ, ती समई विझवू का?"

"न्हाई ताई, मधीच दिवा विझवू नये. साहेब लोक बसलेत पुढं."

"मग सरकवू?"

"चालू कार्यक्रमात?"

बोलायला वेळ नव्हता. पांढऱ्या घागऱ्यातल्या मुली माझ्या मागे येऊन उभ्याच होत्या. लेकीनं मला पाहिलं आणि मान फिरवली. मी पर्समधला नॅपकिन बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि समई आणि वाट यांच्या मधे, पडद्याच्या सावलीत उभी राहिले. संगीत सुरू झालं. एकेक मुलगी माझ्या कोपराला घासून पुढे गेली. प्रत्येकीच्या झालरीचा वारा लागून ज्योती वाकायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या. मी पाचही वातींवरून नजर काढली नाही. प्रवेश संपेपर्यंत नॅपकिनचं पाणी माझ्या चपलेत उतरलं होतं. काही झालं नाही, बाबा. शेवटच्या मुली त्या ताटासारख्या आडव्या टूटूत आल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पडदा पडल्यावर त्या पडदेवाल्यानंच समई उचलून बाजूला ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आधीच ठेवाया पाहिजे होती."

टीचर नंतर माझ्याजवळ आली, माझा हात दाबून गर्दीत गेली. गाडीत, भोसरी मागे पडल्यावर लेक म्हणाली, "मम्मी, तू तिथं होतीस तर मला तोल सांभाळायला बरं वाटलं." मग विचारलं, "कसा झाला?" मी म्हटलं, "खूप सुंदर झाला." तिला तेवढ्यावर समाधान झालं नाही. वळण घेताना हात कसे दिसत होते, मान खाली गेली होती का, सगळं विचारत राहिली, आणि मी प्रत्येकाला छान, छान म्हणत राहिले.

हे कागद कुठे पाठवायचे ते ठाऊक नाही, म्हणून इथे खरं लिहून ठेवते. तिचा नाच मी पाहिलाच नाही. नवऱ्यानं व्हिडिओ काढलाय, तो फोनमध्ये आहे, आणि अजून मी तो उघडलेला नाही. उघडला, तर मी पुन्हा त्या डाव्या कोपऱ्याकडेच बघत बसेन असं वाटतं.