समोरच्या गच्चीवरचे साहेब

२ नोव्हेंबर, सकाळ

ही वही फक्त माझी. मला अक्षर येत नाही म्हणून सून लिहिते, आणि वाचणारीही तीच एकटी. त्याची मला चिंता नाही. कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधणाऱ्या बाईकडे गुपित अगदी सुरक्षित असतं. दुपारपर्यंत सगळं विसरेल. सूनबाई, हेही लिही. तोंड वाकडं करू नकोस.

तर मुद्दा असा. मुलगा बाल्कनीला काचा लावून तिथे आपलं ऑफिस थाटणार आहे. काचवाला वीस तारखेला येतोय. त्या बाल्कनीत माझी वेताची खुर्ची, आणि खुर्चीत मी. आम्हा दोघींची बदली हॉलमध्ये, टीव्हीसमोर. विचारलं कोणी? नाही. बाल्कनीतून खाडी दिसते, मासळीच्या कोल्ड स्टोरेजची गच्ची दिसते, खालच्या जिन्यात कोण कोणाशी अबोला धरून आहे ते दिसतं. टीव्हीवर यातलं काही लागत नाही.

काच लागू द्यायची नाही. निश्चय पक्का. उपाय उद्या सुचेल.

३ नोव्हेंबर

सुचला. म्हणजे उडत आला.

कोल्ड स्टोरेजच्या गच्चीवर पक्षी! पांढराशुभ्र, उंच, एका पायावर उभा. नातीच्या पुस्तकात त्याचं चित्र लगेच सापडलं. सून खालचं वाचून म्हणाली, आई, हा फक्त बर्फात राहतो. मी म्हटलं, त्यालाही वाचता येत नसेल.

तळमजल्यावरच्या रिटायर्ड बाई म्हणतात, दुर्मीळ पक्षी दिसला की पक्षीमंडळाची माणसं येतात, आणि मग तिथे कोणाला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. काच तर लांबच राहिली.

५ नोव्हेंबर

पक्षी तिथेच. जागचा हलला नाही. काय ती स्थिरता! आमच्या घरात जेवतानासुद्धा कोणी इतकं एका जागी बसत नाही. मी त्यांना साहेब म्हणायला लागले आहे.

मुलगा म्हणाला, आई, तो खरा वाटत नाही. काचवाल्याला शब्द देऊन बसलेला माणूस दुसरं काय बोलणार?

माझा एक डोळा ऑपरेशन केलेला, नवाकोरा. दुसऱ्याचा नंबर पुढच्या महिन्यात. नव्या डोळ्याने पाहिलं तर साहेब जरा चकाकतात. पिसांना तेल लावत असतील. टापटिपीची आवड दिसते.

७ नोव्हेंबर, दुपार

साहेबांना इकडे बोलावण्यासाठी कठड्यावर बशीभर सोललेली कोळंबी ठेवली. सून म्हणाली, ती रात्रीच्या जेवणाची होती. मी म्हटलं, पाहुणा मोठा आहे.

साहेब आले नाहीत. भिडस्त स्वभाव. त्यांच्याऐवजी एक मातकट, चिमणीपेक्षा थोडं मोठं, विस्कटलेल्या केसांचं भुक्कड पाखरू आलं आणि बशीवर तुटून पडलं. झाडू घेऊन हाकललं.

९ नोव्हेंबर

जोराचा वारा. आणि आज साहेब वळले! सावकाश, मान न हलवता, अख्खेच्या अख्खे माझ्याकडे वळले. मग पलीकडे. मग परत माझ्याकडे. ओळख पटली म्हणायची. सुनेला हाक मारली तर म्हणाली, आई, वाऱ्याने फिरतंय ते. सून गुणी आहे, पण पक्ष्यांतलं तिला कळत नाही.

भुक्कड परत आलं. परत झाडू.

१२ नोव्हेंबर

साहेबांच्या डोक्यावर कावळा बसला. बराच वेळ. साहेबांनी हूं की चूं केलं नाही. एवढ्या मोठ्या पदावर असून इतका साधेपणा!

भुक्कड आज चक्क माझ्या वाळत घातलेल्या परकरावर बसून कोळंबीची वाट बघत होतं. निर्लज्ज. लांब दांड्याचा झाडू आणायला सांगितलाय.

१४ नोव्हेंबर

सुनेच्या फोनवरून साहेबांचा फोटो काढवून पक्षीमंडळाला पाठवला. फोटो लांबून आलाय, आमचा कठडाही त्यात आलाय. असू दे, पत्ता पटेल. मंडळाचा निरोप आला, सतरा तारखेला येतो.

ठरवलंय, फार मिरवायचं नाही. कोणी विचारलंच तर एवढंच म्हणायचं, की पारखी नजर लागते. मुलगा गप्प गप्प आहे. हरल्याची लक्षणं.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज लिहायचं नव्हतं. सून म्हणाली, वही फक्त तुमचीच आहे ना, मग लाज कसली. टोचून बोलायला माझ्याकडूनच शिकली.

मंडळाचे पाच जण आले. त्यांचे प्रमुख एक दाढीवाले, आणि एक टोपीवाली बाई. दाढीवाल्यांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, परत लावली. तेवढ्यात कोल्ड स्टोरेजचा वॉचमन गच्चीवर आला. त्याने साहेबांना कमरेत धरून उचललं, काखेत घेतलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं आणि परत दांड्यावर बसवलं. वर ओरडून सांगितलं, आजी, प्लॅस्टिकचा आहे, कावळे येऊ नयेत म्हणून!

कावळ्याचं मी पाहिलंच होतं.

मुलगा हसला नाही, हे त्याच्या चांगुलपणाचं लक्षण. पण आत जाऊन त्याने काचवाल्याला फोन लावला.

इतक्यात टोपीवाली किंचाळली. तिच्या हातात मी पाठवलेला फोटो. कोपऱ्यात आमचा कठडा, कठड्यावर बशी, बशीशी भुक्कड. म्हणाली, हा इकडे कधीच येत नाही, वादळात भरकटून आला असणार. नाव सांगितलं, ते सुनेला लिहितासुद्धा आलं नाही. मग तिने विचारलं, फोटोत याच्या मागे हे काय आहे?

झाडू होता.

मी म्हटलं, मला पहिल्यापासून शंका होतीच.

२० नोव्हेंबर

जिंकले. काचवाला जिन्यातून परत गेला. मंडळाने मुलाला समजावलं, पाखरू परत येईल, मोसम संपेपर्यंत बाल्कनीला हात लावू नका. मुलाने मानलं.

त्यांची एकच अट. पाखरू बुजतं, तेव्हा बाल्कनीत कोणी बसायचं नाही. विशेषतः आजींनी.

बाल्कनी उघडी आहे. खुर्ची हॉलमध्ये, टीव्हीसमोर. खुर्चीत मी. कठड्यावर भुक्कड, रोज ताजी कोळंबी.

२२ नोव्हेंबर, मुलीच्या घरून, फोनवर

रुसून आलेली नाही. हवापालट.

मुलीच्या बाल्कनीतून समोरच्या टाकीवर एक काळा, मोठ्या चोचीचा पक्षी दिसतो. अतिशय दुर्मीळ. सकाळपासून हललेला नाही. जावई म्हणतात, नळ आहे. जावयांना काय कळतंय.

सूनबाई, विसरशील म्हणून दोनदा लिही: कोळंबी पाठव. सोलून, भरपूर लसूण घालून, माझ्यासाठी. भुक्कडाची बशी आधी भर, मग उरेल ती. आणि थोडी बिनमिठाची वेगळ्या डब्यात, टाकीवरच्या साहेबांना.