चार ओम आणि सरूची खुर्ची

१३ जानेवारी २०२५, सोमवार

दांडका! एवढ्या हॉलमध्ये टीव्हीखाली काळा दांडका पडलाय, आणि त्याला म्हणे होम थिएटर म्हणायचं. प्रसेनजीतनं दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून येताना आणला. 'आण्णा, आता ती कपाटं टाका की.' कपाटं म्हणजे माझे स्पीकर. सत्त्याण्णव साली स्वतः जुळवलेले. पेट्या जोतीराम सुतारानं सागवानात केल्या, आतलं सगळं मी. पोरानं त्यांच्यावर चादर टाकली आणि वर प्लास्टिकची फुलं ठेवून गेला. मयताला तरी खरी घालतात.

जुना ॲम्प्लिफायर जळाला हे खरं. ट्रान्सफॉर्मरच गेला, त्याला इलाज नाही. पण दांडका ऐकला की वाटतं कुणीतरी पत्र्याच्या पिंपात बसून बोलतंय.

खरं दुखणं वेगळं आहे. पूर्वी आठ वाजले की सरू हॉलमध्ये यायची. उजव्या स्पीकरजवळची वेताची खुर्ची तिची. सिरियल असो, सिनेमा असो, दोघं बसायचो. दांडका आला आणि तिचं बसणं संपलं. आठला आत जाऊन मेथी निवडत बसते. विचारलं तर म्हणाली, 'त्यातलं मला काय कळत न्हाय.' या घरात दांडक्याबद्दल शहाणं बोललेली ती एकटीच.

ठरलं. स्पीकर माझेच राहणार, त्यांना चालवणारा नवा रिसीव्हर आणायचा. नऊ फेब्रुवारीला लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या दिवशी सरू खुर्चीत पाहिजे.

१४ जानेवारी

गल्लीत सगळे गोड बोला म्हणत फिरतायत. आधी शोरूमला जाऊन येतो, मग बघू.

१६ जानेवारी, गुरुवार

राजारामपुरी. काचेचं दुकान, आत थंडगार. टाय लावलेला पोरगा धावत आला. 'सर, हा बघा, हजार वॅट!' म्हटलं, किती चॅनेल एकदम वाजताना हजार? पोरगा टाय सारखा करतोय. म्हटलं, बरं, चार ओमचे स्पीकर झेपतात का? पोरगा डब्याकडे बघतोय, डबा माझ्याकडे बघतोय. शेवटी म्हणाला, 'सर, ब्लूटूथ आहे ह्याला.'

माझ्या एकेका पेटीत आठ ओमचे दोन वूफर समांतर जोडलेत, म्हणून चार. रिसीव्हरला स्पीकर जेवढे कमी ओमचे तेवढं ओझं जास्त. आजकालच्या बहुतेक डब्यांच्या पाठीवर 'सहा ते सोळा' लिहिलेलं असतं. त्यांना चारवर जोरात चालवा, तापतात, आणि मग आतला रिले खट् करून आवाजच तोडतो. जीव वाचवायला. तारा एकमेकींना टेकल्या तरी तेच. हे त्या टायवाल्याला मी समजावतोय! पगार त्याला, शिकवणी माझी.

निघताना डब्याच्या झाकणावर बोट मारलं. भदभद. नुसता पत्रा.

सवयच आहे. सतराव्या वर्षी फाउंड्रीत लागलो, काम एकच — ओतून आलेल्या बिडाच्या जॉबला हातोडीनं टोला मारायचा आणि ऐकायचं. सरळ वाजला तर चांगला, दबका वाजला तर आत चीर. मशीननं तपासायचे ते नंतर, आधी माझा कान. मालक म्हणायचा, अण्णासोनं बाजूला टाकलाय म्हणजे वितळवा परत. त्याच कानावर पुढं गोकुळ शिरगावात स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. बाप शेतावर मजूर होता, त्यानं दिलं ते नाव फक्त. बाकी सगळं ह्या दोन कानांनी.

१९ जानेवारी, रविवार

दुसरं दुकान. मालक धैर्यशील नावाचा, जाकीट घातलेला, बोलणं लोण्यासारखं. दुकानात एक काळोखी खोली, भिंतीला गालिचे. गालिचा भिंतीला लावायची अक्कल कुणाची कोण जाणे, पण असो, त्यानं आवाज घुमत नाही एवढं मान्य.

बसवलं आणि हेलिकॉप्टर ऐकवलं. मग दुसरं हेलिकॉप्टर. म्हटलं, मला हेलिकॉप्टर घ्यायचं नाही. खिशातला पेन ड्राइव्ह दिला. त्यात सरूचं गाणं आहे. एक्क्याण्णव सालच्या जयंतीला ती आमच्या वस्तीत माइकवर गायली होती. माइक माझा, टेप माझा, मागं पोरांचा गलका. मी कुठलंही यंत्र ह्याच गाण्यावर पारखतो. त्यातला सरूचा श्वास मला पाठ आहे.

धैर्यशील म्हणाला, 'पावणं, हे जुनं रेकॉर्डिंग. ह्यात काय कळणार?'

म्हटलं, ह्यात एवढं कळलं की तुमच्या उजव्या स्पीकरची तार उलटी जोडलीय. आवाज मधे बसत नाही, दोन्हीकडे पळतोय.

हसला. पोराला मागं वाकायला लावला. उलटीच होती! वर्षभर त्या खोलीत गिऱ्हाइकं बसवून लाखाचा माल विकतोय हा माणूस. आणि लोक घेतायत, हे त्याहून थोर.

चहा मागवला त्यानं. चहा बरा होता.

२२ जानेवारी, बुधवार

सरूला घेऊन गेलो. म्हटलं, ऐकायचं तिला आहे तर पसंती तिची. गाणं मात्र दुसरंच लावलं. तिचं नऊ तारखेला राखून ठेवलंय.

पहिला रिसीव्हर. सरू माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, 'चांगलं हाय की.' दुसरा. पुन्हा माझ्या तोंडाकडे. 'चांगलं हाय की.' तिसरा तर मधमाशांचं पोळं बसल्यासारखा गुणगुणत होता. तोही चांगला! धैर्यशील खूश, 'वहिनींना पारख आहे.' कप्पाळ पारख. चाळीस वर्षांत ह्या बाईनं माझं तोंड बघितल्याशिवाय एक मत दिलेलं नाही. भाजीत मीठ कमी का, तरी आधी माझं तोंड.

बाहेर आलो तर रस्त्यापलीकडे निळ्या साडीतली एक बाई. सरूबरोबर मागाच्या शेडात होती, क्रांती. मधे रिक्षा, बस, हॉर्न. आणि ह्या दोघी दोन फुटपाथांवर उभ्या राहून बोलतायत! आवाज नाही, नुसती तोंडं हलतायत, जोडीला हात. शेडातली रीत ती. शंभर माग एकदम धडधडत असताना तिथं आवाजाला कोण विचारतो, सगळ्या बाया ओठांवरनंच बोलायच्या. सरूनं इचलकरंजीत अकरा वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. पहाटेच्या एसटीनं जायची. तिच्या पगारात घर चालायचं म्हणून माझा बाजूला पडायचा, त्यातनं पहिलं लेथ मशीन आलं.

पाच मिनिटं बोलल्या. नातवंडांपासून गुडघ्यापर्यंत सगळं झालं म्हणे. एवढा कान घेऊन मी शेजारी उभा, मला एक अक्षर नाही!

२५ जानेवारी

प्रसेनजीतचा फोन. 'आण्णा, दोन स्पीकरांसाठी एवढा खर्च? पाचचा सेट त्याच पैशात येतो.' पाच खोटी माणसं जमवण्यापेक्षा दोन खरी बरी म्हटलं. मागनं सूनबाई निशा म्हणाली, आईंना द्या, पण व्हिडिओवर. सरूला साधा फोन चालतच नाही आता, तोंड दिसायला पाहिजे. आम्ही ट्रंक कॉलच्या रांगेत उभं राहिलेली माणसं! हौसेला मोल नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

नेटवरचे तज्ज्ञ बघितले. एक जण पाऊण तास रिसीव्हरचं खोकं उघडत होता. खोकं! दुसरा म्हणतो चार ओम काही होत नाही, बिनधास्त लावा. खाली तीनशे लोकांनी अंगठे दिलेत. तिसऱ्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली तीही त्यानं काढली नाही, आणि हा मला आवाजातलं बारीक-सारीक शिकवणार.

दुपारी जोतीराम आला. म्हातारा झालाय, पण पेटीवरनं हात फिरवला आणि लगेच म्हणाला, डाव्या पेटीचा मागचा सांधा हललाय. बघितलं, हलला होता. अख्ख्या कोल्हापुरात काम येणारा हा एक माणूस उरलाय. सरस भरून शिकंजा लावून गेला.

३० जानेवारी, गुरुवार

मंडपवाल्याकडनं दिवसभरासाठी ॲम्प्लिफायर आणून स्पीकर तपासले. काय आवाज! भिंतीवरचं कॅलेंडर हललं. सरू भाकऱ्या टाकून तशीच बाहेर आली आणि उजव्या पेटीवर पंजा टेकवून उभी राहिली. पिठाचा हात! सागवानावर पाची बोटं उमटली.

ओरडलो. 'पॉलिश जाईल की! हात काढ.'

'कसं धडधडतंय बघत हुते,' म्हणाली. हात पदराला पुसला आणि आत गेली.

पीठ फडक्यानं निघालं. बोलायला नको होतं बहुतेक. पण माणूस कानानं ऐकतं, हातानं काय ऐकायचंय?

२ फेब्रुवारी, रविवार

सापडला. आणि कुठं, तर त्या जाकीटवाल्याकडेच! कोपऱ्यात खाली पडलेला, कुणी विचारत नाही, कारण दिवे कमी आणि वजन चौदा किलो. पाठीवर स्वच्छ लिहिलंय, चार ओम चालेल. झाकणावर टोला मारला — घट्ट. सरूचं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते तो आला, आणि त्यामागं पोरगं रडतं तेही आलं. ते पोरगं प्रसेनजीत. तेव्हा चार वर्षांचा होता, आज मला दांडका शिकवतोय.

धैर्यशील म्हणाला, ह्याच्याकडे दोन वर्षांत कुणी बघितलं नाही. म्हटलं, बघायची वस्तूच नाही ती.

जोडायला माणूस पाठवतो म्हणाला. कोण, तो उलट्या तारांचा? नको. माझं मी बघीन.

६ फेब्रुवारी

आला. उचलताना कंबर धरली. सरू म्हणाली, 'पोराला बोलवायचा हुता की कुणालातरी.' बोलवायचा नाही म्हणून तर धरली.

८ फेब्रुवारी, शनिवार

जोडला. नवी जाड तार, टोकं सोलून पीळ दिला, स्क्रू आवळले. लाल लालला, काळी काळीला. चष्मा वर्कशॉपात राहिलाय, पण ज्याला ह्या कामाला चष्मा लागतो त्यानं हे काम करू नये. पाच मिनिटं हळू लावून बघितलं. मधाळ!

दांडका खोक्यात घातला. चादर धुवायला टाकली. प्लास्टिकची फुलं कचऱ्यात, पोरगा काय म्हणायचं ते म्हणू दे.

सरूची खुर्ची पुसून दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधे ठेवली. टेपनं मोजून. तिनं संध्याकाळी परत उजव्या पेटीला चिकटवली. मी परत मधे ठेवली. आवाज कुठं बसून ऐकायचा हे बायकांना कधी कळायचं!

उद्या सातला. गाण्याचं सांगितलं नाही. तिनं स्वतःचा आवाज शेवटचा ऐकला त्याला वीस तरी वर्षं झाली.

९ फेब्रुवारी, रविवार

सातला सरूला खुर्चीत बसवली. हिरवी साडी नेसली होती. लावलं. आवाज चांगला चढवला. पहिलं कडवं झालं, तिच्या चेहऱ्यावर हसू. मान डोलायला लागली. दुसऱ्या कडव्याआधीचा तो श्वास आला आणि खट्! आवाज बंद.

मागं वाकलो. उजव्या पेटीच्या लाल तारेतला केसाएवढा धागा काळीला टेकलेला. माझ्याच हातचं काम. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, एवढी शांतता.

वळलो तर सरू मान डोलवतच होती. बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, 'चांगलं हाय की.'

तिनं माझ्याकडे बघितलं, मग रिसीव्हरकडे. त्याचा दिवा गेलेला. बोटं थांबली.

मी जवळ गेलो, खुर्चीसमोर खाली बसलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. कधीपासनं, सरू?

'शेडातनंच की,' ती म्हणाली. 'लेथ घेतलं त्या साली जास्त झालं.'