न्यायदेवतेच्या पायाशी बसलेला पंडित

कोपरी, ठाणे
३ मार्च २०२४

चि. चित्रास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आता धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. एप्रिलपासून वकिली बंद करतोय. बेचाळीस वर्षं झाली, पुरे. ऑफिसातलं ते जुनं छापचित्र उर्वीला द्यायचं ठरवलंय. सिंहासनावर न्यायदेवता, तिच्या पायाशी ग्रंथांच्या ढिगात लिहीत बसलेला पंडित. लॉ शिकणाऱ्या भाचीच्या टेबलावर शोभेल.

एकच दावा उरलाय, शीळफाट्याच्या हौसाबाईंचा. दिराने घर बळकावलं, त्याच्या बावीस वर्षं तारखा. अठराला निकाल. तो लागला की सुटलो.

गुडघ्यांना जप.

तुझा दादा,
परशुराम


ठाकुर्ली
१० मार्च

ती. दादास,
चित्राचा शि. सा. नमस्कार.

चित्र पाठवू नकोस रे. उर्वीने दिवाळीतच लॉ सोडलं. तुला सांगायचा धीर झाला नाही. म्हणते, मामासारखं जन्मभर तारखा घेत बसायचं नाही मला. मी ओरडले, रडले. आता तेही होत नाही. सध्या केक बनवायला शिकतेय. तुझं नाव काढलं की मान खाली घालते. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको.

कानाच्या मशीनचं मनावर घे. माया आहे तशीच ठेव.

चित्रा


कोपरी
२१ मार्च

चि. चित्रास, आशीर्वाद.

राग कसला? वाचून हायसंच वाटलं. केक खायला येतोय म्हणावं.

निकाल विरोधात गेला. हौसाबाई काल आल्या. चित्र भिंतीवरून उतरवून खुर्चीला टेकवलेलं. त्यांनी ते पहिल्यांदाच जवळून पाहिलं आणि विचारलं, ह्यो म्हातारा कवाधरनं काय लिवतोय? म्हटलं, कायद्याचा अर्थ लावतोय. तर म्हणाल्या, मग त्या बाईला वाचून कवा दाखवणार?

अपील महिन्याभरात करायला हवं. मी थकलोय, दुसरा वकील बघून देतो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचं बळ नाही उरलं. तुमी दमला असाल तर बसा जरा, मी थांबते. आणि खरंच बाकावर बसून राहिल्या.

तासाभराने मी बांधलेला गठ्ठा सोडला आणि त्यांची फाइल काढली. दारावरची नावाची पाटी उतरवायला आलेल्या माणसाला परत पाठवलं. आणखी किती वर्षं, ते मात्र विचारू नकोस.

तुझा,
दादा