हातमोज्यांची कापलेली बोटं

४ एप्रिल

पुन्हा चिरलं! उजवा अंगठा, तेच टोक. समोरच्या बाईंच्या नखावर जेल लावता लावता माझंच रक्त आलं. म्हटलं, कागदाने कापलं. माझ्या टेबलावर कागद असतोच कुठे? त्यांनी मान हलवली आणि परत मोबाइलमध्ये डोकं घातलं.

हातमोजे घालते — पण अंगठा आणि शेजारचं बोट कापून. मोज्यातून नकली नखाची टिप चिमटीत धरवत नाही. या धंद्यातल्या आम्ही सगळ्याच तसं करतो. कडेला ओघळलेलं ओलं जेल बोटानेच पुसायचं, मग जेल कडक व्हायला लॅम्पखाली हात. इतकी वर्षं असंच चाललंय.

आई म्हणते, केळीचा चीक लागला असेल. वर्षभरात मळ्यात पाय टाकला नाही मी!

६ एप्रिल

नख मांसापासून सुटतंय. खाली पांढरं दिसतं, दाबलं की ठणकतं. वर मरून रंगाच्या जेलचा जाड थर दिला. दुसरं काय करू? गिऱ्हाईक आधी माझे हात बघतं, मग रंग निवडतं. ज्याने दुखतंय तेच वर थापलं. शहाणी!

१० एप्रिल

शीतल आली होती, माझ्या भावाची, ललितची होणारी बायको. शिंदखेड्याहून खास जळगावला, लग्नाची नखं करायला. साखरपुड्यालाही मीच केली होती. गोड पोर आहे, बडबडी.

मध्येच म्हणाली, "अक्का, मागच्या वेळी बोटं जरा खाजली होती. होतं ना असं?"

"होतं," म्हटलं. फारच पटकन म्हटलं.

१७ एप्रिल

धुळे. घरी सांगितलं, बांगड्या आणायला जाते.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट केले आणि एकच विचारलं — "नखांचं काम करता?" पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीत वेगळं औषध. कशाने अंगावर उठतं ते कळेल म्हणे. परवापर्यंत पाणी नको, घाम नको. एप्रिलात, खान्देशात, घाम नको! लग्नानंतरची तारीख मागितली, तर बाई महिनाभर परगावी.

आणि उद्या घरात हळद. करवली मी!

कारण जेलच निघालं तर दुकान गेलं. दुकान गेलं की मी परत "ज्योत्स्नासाठी स्थळ बघा" यातली. त्या दुकानामुळेच तर सगळ्यांची तोंडं बंद आहेत.

१८ एप्रिल

वाचले! पण कशी.

ललितला हळद लागली, नि बायका माझ्याकडे वळल्या. करवलीला हळद लावायची, मग डोक्यावरून तांब्याने पाणी. दोघींनी दंड धरले. मी नको नको म्हणतेय, त्यांना वाटतं लाजतेय. तेवढ्यात मागून बेबाबाई काकूंचा आवाज —

"सोडा तिले. अडचन शे तिले."

झटकन हात निघाले! अडचण म्हटल्यावर कोण शिवतंय. मीही मान खाली घालून कोपऱ्यात जाऊन बसले.

काका गेल्यापासून काकू स्वतःच मांडवाच्या कडेला उभ्या असतात. त्यांना तिथून माझ्या ब्लाउजमधून पट्टी दिसली असणार. नंतर त्यांच्या मागच्या खोलीत बोलावून विचारलं, "काय लायेल शे पाठले?" सांगितलं सगळं — जेल, हात, दुकान. हातही दाखवले. त्यांनी वरण-बट्टी वाढून दिली.

१९ एप्रिल

परत धुळे, या वेळी फुलांचं निमित्त. घामाने अर्ध्या पट्ट्या सुटल्या होत्या. एका जागी मात्र लाल, सुजलेलं, वर फोड.

"हे जेलमधलंच रसायन. बाकीचं आता नक्की सांगता येणार नाही. पण काम बंद करा. हे आयुष्यभर राहतं." नखाला लावायचं ते कातडीला लागत राहिलं की कधीतरी अंग बंड करतं, गिऱ्हाइकाचंही करतं, असंही म्हणाल्या.

मी एवढंच धरून बसमध्ये बसले — नक्की सांगता येणार नाही.

२० एप्रिल

लग्न झालं. सगळ्या फोटोंत माझे हात पाठीमागे.

२२ एप्रिल

शीतल म्हणाली, "अक्का, हळदीने नखं पिवळी पडली. बदलून द्या ना, माहेरी जायचंय." हळदीने जेल पिवळं पडतंच.

करायला नको होतं. डॉक्टरांचं बोलणं डोक्यात होतं. पण नाही म्हणायला कारण काय देऊ? पूर्ण मोजे घालून केली, एकही बोट न कापता. स्वतःला वाचवलं. तिच्या कडेला ओघळलं ते नीट पुसलं की नाही, आठवत नाही.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. शीतलची हनुवटी धरून म्हणाल्या, "कितली देखनी शे वं माय!"

२४ एप्रिल

शीतलचे डोळे उघडत नाहीत. पापण्या टम्म, गालावर चट्टे, बोटांच्या टोकांना पुरळ. ललितने डॉक्टरांकडे नेऊन आणलं, गोळ्या दिल्यात. कशाने झालं ते त्यांना कळलं नाही. नखांचं कोणी सांगितलंच नाही त्यांना. मीही सोबत गेले होते ना!

घरात मात्र निदान झालेलं आहे. नजर!

आणि कोणाची, तेही ठरलं. आई स्वयंपाकघरातून मुद्दाम मोठ्याने — "हनुवटी धरीसन कोन बोलनं व्हतं, माले माहीत शे." काकू तिथेच भाजी निवडत होत्या. आई म्हणाली, पोर बरी होईपर्यंत तिच्यासमोर येऊ नका. काकूंनी भाजी तशीच ठेवली नि उठून गेल्या.

मी गप्प बसले. लाज वाटते माझी मला. ज्या बाईने मला भर मांडवात झाकलं, तिला माझ्यादेखत घालवली. शीतल तर डोळे चोळतेय. त्याच नखांनी!

२५ एप्रिल

सांगितलं. आई मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला उठली, तिचा हात धरला आणि सगळ्यांसमोर माझी बोटं पुढे केली. नजर नाही, माझं जेल. शीतल रडली. आई खालीच बसली. ललित म्हणाला, "मग दुकान?" म्हटलं, बंद.

मागच्या खोलीत काकूंच्या पाया पडायला गेले. तर त्या माझ्यावरच उखडल्या —

"येडी! पोरना डोया देख्या तव्हयच माले समजनं व्हतं. तुनं दुकान राहो म्हनीसन मी नजर मना माथे लिधी. आनि तू सांगी उनी!"